गोळ्या चालू असताना आयावास्का? पेरूला निघालेल्या एका पुणेकराला उत्तर

तुमच्या पत्राचं सार आधी मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय ३६, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. वडील जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून मन उभारी धरत नाही. एस्सिटालोप्राम, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, १० मिलिग्रॅम रोज रात्री. फरक आहे, ‘पण आतून कोरडा पडलोय’ असं तुम्ही लिहिलंय. एक मित्र पेरूत जाऊन ढसाढसा रडून मोकळा होऊन आला. आता तुम्हीही नऊ दिवसांच्या रिट्रीटची आगाऊ रक्कम भरलीय, त्यात चार रात्री आयावास्का, म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातला दृश्यं दाखवणारा काढा. केंद्राने कळवलंय, गोळ्या दोन आठवडे आधी बंद करा, बाकी काही चिंता नाही. तुमचे प्रश्न तीन: जावं का, गोळ्या नेमक्या कधी थांबवाव्यात, आणि हे आपल्या पंचकर्मासारखंच आहे ना?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली अकरा वर्षं, वर्षातले दोन-तीन महिने मी पेरूत उकायाली नदीच्या काठी असते. तिथे येणाऱ्यांची आधी तपासणी करायची आणि जे विस्कटतात त्यांना नंतर सावरायचं, हे माझं काम. काढा मी देत नाही, गाणी मला येत नाहीत. तेव्हा हे सगळं दाराशी बसणाऱ्या बाईचं बोलणं आहे असं समजा. मात्र दाराशी बसलं की आत जाणारा चेहराही दिसतो आणि बाहेर येणाराही.

थेट सांगायचं तर या खेपेला जाऊ नका. आणि केवळ या रिट्रीटसाठी गोळी बंद तर मुळीच करू नका. ‘कधीच जाऊ नका’ असं मी म्हणत नाहीये, म्हणून पुढचं एवढं लांबण.

काढ्यात दोन वनस्पती असतात. एक वेल, बॅनिस्टेरिऑप्सिस कापी. दिसायला आपल्या गुळवेलीची थोरली बहीण म्हणा, जुनी झाली की मनगटापेक्षा जाड होते आणि दोरखंडासारखी पिळत जाते. दुसरी चाक्रुना, कॉफीच्या कुळातलं झुडूप, त्याची पानं वापरतात. वेलीचे तुकडे लाकडी मोगरीने ठेचायचे, मोठ्या पातेल्यात वेलीचा थर, पानांचा थर, पाणी, आणि चुलीवर दिवसभर उकळायचं. गाळून पुन्हा आटवायचं. शेवटी काकवीसारखं काळपट, दाट काहीतरी उरतं. चव विचाराल तर आंबलेल्या चिंचेत गुळवेल उकळून वर माती घातली तर जे होईल ते.

गंमत या जोडीत आहे. चाक्रुनाच्या पानांत डीएमटी असतं. दृश्यं दिसतात ती त्याच्यामुळे. पण नुसती पानं उकळून प्यालात तर काही होत नाही, कारण आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते डीएमटीचा वाटेतच फडशा पाडतं. वेलीतली हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्यं त्या एन्झाइमला काही तास गप्प बसवतात. (हार्मालिन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते या वेलीतून नाही बरं का, हरमलच्या बियांतून, १८४१ साली. आपल्याकडे काही घरांत धुरीला टाकतात त्याच बिया.) जंगलातल्या हजारो वनस्पतींतून ही दोनच एकत्र कशी आणली, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर म्हणतात, वनस्पतींनीच सांगितलं. मी या उत्तरावर वाद घालत नाही.

आता तुमची गोळी यात कुठे येते ते पाहा. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन वापरून झालं की त्याला बाहेर जायला मोरीची जणू दोन भोकं असतात. एका वाटेने ते परत शोषलं जातं, दुसऱ्या वाटेने तेच मोनोअमाइन ऑक्सिडेज त्याचे तुकडे करतं. एस्सिटालोप्रामने पहिलं भोक बुजवलेलं असतं. वेल दुसरं बुजवते. मोरी तुंबते. घाम, थरथर, हातापायांना झटके, ताप, छातीत धडधड, प्रचंड अस्वस्थता. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि तो वाढला तर माणूस जातो. पुण्यात असाल तर वीस मिनिटांत अतिदक्षता विभागात पोचाल. तिथे रात्री अकरा वाजता अंधारात होडी काढायची, मग डबकी चुकवत मोटोकारने रस्ता धरायचा, मग पुकाल्पा या जवळच्या शहरातलं इस्पितळ. मोटोकार म्हणजे आपली रिक्षाच, फक्त पुढे मोटरसायकल.

‘पण दोन आठवड्यांत औषध रक्तातून जातं ना?’ एस्सिटालोप्राम जातं, हे खरं. फ्लुऑक्सेटिन हे त्याच जातीतलं दुसरं औषध असतं तर पाच-सहा आठवडेही सोडावे लागले असते. मात्र औषध रक्तातून जाणं आणि तुम्ही तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीड वर्षाची गोळी एकदम थांबवलीत तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड, झोपेचं खोबरं. ते ओसरेपर्यंत मूळ आजार डोकं वर काढू लागतो. म्हणजे नेमक्या सर्वांत कमकुवत आठवड्यात तुम्ही तीन विमानं बदलून, घरच्यांपासून अर्धं जग दूर, अनोळखी माणसांत अंधारात बसणार. ज्या केंद्राने तुम्हाला ‘बस, दोन आठवडे’ लिहिलं त्यांनी तुमच्या डॉक्टरांचं नावसुद्धा विचारलेलं नाही, हे तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं.

गोळी सोडायचीच असेल तर ती सोडण्यासाठी म्हणून सोडा. तुमच्या डॉक्टरांबरोबर, हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने, आणि मग गोळीशिवाय काही महिने बरे राहताय का ते बघा. राहिलात तर तिकिटाचा विचार. नाही राहिलात तर उत्तर मिळालंच.

गोळ्यांचं आणखी एक सांगते, कारण भारतातून येणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. फॉर्मवर ‘मानसिक आजारावरची औषधं: नाही’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस खोटं बोलत नसतो. त्याला माहीतच नसतं. आमच्या एका केंद्रात नाशिककडचे एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे, फॉर्म कोरा करकरीत. मी सवयीने म्हटलं, पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर ओता. एक बीपीची, एक ॲसिडिटीची, आणि एक ‘पोटाची’. पोटाच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं तर क्लोरडायझेपॉक्साइड आणि ॲमिट्रिप्टिलिन. आतड्याच्या तक्रारीवर आपल्याकडे सर्रास लिहून देतात. त्यातलं ॲमिट्रिप्टिलिन हे जुन्या पिढीचं डिप्रेशनवरचं औषध आहे, आणि ते वेलीबरोबर नको. गृहस्थ चार वर्षं ते घेत होते. कंबरदुखीच्या गोळीत ट्रामाडॉल असतं, खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अर्धशिशीच्या गोळीत ट्रिप्टान. ‘झोपेची साधी गोळी’ म्हणून दिलेल्या पाकिटात क्लोनाझेपामसोबत एस्सिटालोप्राम निघतं. म्हणून आता मी व्हिडिओ कॉलवरच सगळी पाकिटं उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगते. लोक हसतात. हसू देत.

स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, हृदयविकार असेल, बीपी ताब्यात नसेल, फिट्स येत असतील, किंवा बाई गरोदर असेल तर मी सरळ नाही म्हणते. इथे ‘बघू’ नाही. आपल्या घरांत ‘आत्याचं जरा डोक्याचं होतं, पण आता ती बरी आहे’ असं एक वाक्य कुजबुजून बोललं जातं, ते वाक्य मला मोठ्याने ऐकायचं असतं. त्या आत्याबद्दल आईला विचारून या.

तुमचा पंचकर्माचा प्रश्न. सारखेपणा दिसतो कुठे ते मला कळतं. उलटी होते आणि तिथले लोक काढ्यालाच ‘ला पुर्गा’, म्हणजे शोधन, म्हणतात. आपल्याकडे गेळफळ देऊन वमन करवतात, वेग मोजतात. शिवाय आधी-नंतर पथ्य. पण दोन परंपरांना एकाच पाटावर बसवायची घाई केली की दोन्ही नीट दिसेनाशा होतात. पथ्याचंच घ्या. केंद्रं जे पत्रक पाठवतात त्यात जुनं चीज, आंबवलेले पदार्थ, डुकराचं मांस, दारू, तिखट बंद असं असतं. त्यातला काही भाग एन्झाइमच्या हिशेबाने समजतो, टायरामिन असलेल्या पदार्थांनी बीपी चढू नये म्हणून. उकायालीकाठच्या शिपिबो आदिवासींची ‘दिएता’, म्हणजे पथ्याचं व्रत, मात्र याहून फार मोठी गोष्ट आहे. वैद्य होऊ पाहणारा माणूस महिनोन् महिने, कधी वर्षभर, एकाच वनस्पतीच्या सहवासात राहतो. बोबिन्साना असेल, आहो साचा असेल. मीठ नाही, साखर नाही, तिखट नाही, शरीरसंबंध नाही, लोकांत मिसळणं जवळजवळ नाही. खायला उकडलेलं केळं आणि बिनमिठाचा मासा. त्या काळात ती वनस्पती त्याला गाणं देते अशी श्रद्धा आहे. आयावास्का हे त्यांच्या लेखी अनेक वनस्पतींपैकी एक, आणि बरं करणारी ती असेलच असंही नाही. ती दाखवते. बरं करतं ते गाणं.

शिपिबो-कोनिबो लोकांची गावं उकायालीच्या काठाने पसरलेली आहेत. पुकाल्पाजवळ यारिनाकोचा नावाचं तळं आहे, नदीने कधीकाळी सोडून दिलेलं वळण, त्याच्या भोवतीही त्यांची वस्ती आहे. आयावास्का हा शब्द केचुआ भाषेतला: आया म्हणजे मृतात्मा, वास्का म्हणजे दोर किंवा वेल. शिपिबो तिला ओनी म्हणतात आणि वैद्याला ओनान्या, जाणणारा. जाणणाऱ्या बायाही पुष्कळ आहेत, आणि मी पाहिलेल्यांत सर्वांत खमक्या त्याच. इथे एक गोष्ट बहुतेक पाहुण्यांना ठाऊक नसते. पूर्वी, आणि आतल्या गावांत अजूनही, आजारी माणूस काढा पीतच नसे. पीत असे तो वैद्य. पिऊन तो रोग्याच्या अंगात काय अडकलंय ते बघायचा, गायचा, धूर फुंकायचा, चोखून काढायचा. आपल्याकडे डहाणू-जव्हारच्या पाड्यावर भगताकडे जातात तेव्हा अंगात भगताच्या येतं, रोगी समोर बसून असतो. साधारण तसं. वीस परदेशी लोक गाद्यांवर ओळीने बसलेत आणि सगळेच पिताहेत, हा प्रकार गेल्या तीस-चाळीस वर्षांतला, पाहुण्यांच्या मागणीतून घडलेला. त्यात काही खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून तुम्हाला जे विकलं जातं त्याची मांडणी नवीच आहे.

रात्र कशी असते ते थोडं सांगते, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोरचं चित्र जमिनीवर येईल. मालोका म्हणजे झावळ्यांनी शाकारलेलं मोठं गोल घर, भिंतींच्या जागी डासांची जाळी. प्रत्येकाला गादी, पाण्याची बाटली, टॉर्च आणि एक प्लास्टिकची बादली. बादलीला लोक आधी नाक मुरडतात आणि तासाभरात तिला कुशीत घेतात. आठ-साडेआठला एकेकाने उठून जायचं, वैद्य छोट्या पेल्यावर मापाचोचा, म्हणजे तिथल्या उग्र तंबाखूचा, धूर फुंकतात, प्यायचं, परत जागेवर. मेणबत्ती विझते. मग काहीच नाही. बेडकं, दूर कुणाच्या होडीचं पेके-पेके इंजिन, कुणाचातरी खोकला. विधीत वापरतात त्या ‘फ्लोरिदा’ नावाच्या सुगंधी पाण्याचा तो स्वस्त कोलोनसारखा वास. वीस मिनिटं ते तासभर अशीच जातात, आणि ‘मला काही होत नाहीये’ असं कुणीतरी पुटपुटतं, बहुधा ज्याला पुढच्या पाच मिनिटांत होणार असतं तोच. अंधारात पहिला इकारो सुरू होतो. इकारो म्हणजे ते गाणं. बायांचा आवाज इतका वर जातो की आधी तो माणसाचा आहे हेच कळत नाही. मग त्या एकेका गादीसमोर येऊन बसतात आणि त्या माणसासाठी वेगळं गातात, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्यांच्या कापडांवर रंगवलेली किंवा भरलेली ती भौमितिक नक्षी तुम्ही पाहिली असेल, तिला केने म्हणतात. चार ते सहा तासांत भर ओसरतो. पहाटे सगळे भुकेले आणि गप्प असतात.

हे सुंदर आहे. आणि त्याच चार तासांत माणूस इतका उघडा, इतका हतबल असतो की आजूबाजूला कोण आहे यावर सगळं ठरतं. म्हणून मला काढ्याबद्दल, ‘किती स्ट्राँग आहे’ याबद्दल विचारू नका. माणसांबद्दल विचारा.

गाणारे कोण? त्यांचं नाव, गाव, कुणाकडे शिकले, किती वर्षं दिएता केली, हे केंद्राला सांगता आलं पाहिजे. ‘आमचे शामान’ एवढंच उत्तर आलं तर ते वैद्य रोजंदारीवर आणलेले असण्याची शक्यता मोठी. केंद्राचे मालक कोण, आणि पैशांतलं किती गाणाऱ्यांच्या गावात जातं? दहा-बारा दिवसांचे हजार ते तीन हजार डॉलर घेणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, आणि शेजारच्या गावात प्यायचं पाणी नाही. तपासणी कोण करतं, डॉक्टर की विक्रीवाला? रात्री काढा न प्यालेले किती जण जागे असतात, आणि होडी भरलेल्या टाकीसह धक्क्याला बांधलेली असते का? आतापर्यंत किती जणांना त्यांनी नाही म्हटलं? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडतो. कुणालाच नाही न म्हणणारी जागा तुम्हालाही नाही म्हणणार नाही.

बायकांसाठी वेगळं लिहिते, कारण पत्र तुमचं असलं तरी वाचतील त्याही. विधीच्या नावाखाली, एकांतात, कपड्यांआत हात घालून ‘शुद्धीकरण’ करायची गरज कुठल्याही परंपरेत नसते. असं झाल्याच्या तक्रारी या क्षेत्रात भरपूर आहेत. स्थानिक वैद्यांविरुद्ध आहेत, परदेशी ‘गुरूं’विरुद्धही आहेत. धूर डोक्यावर, छातीवर, हातांवर फुंकतात, तो सगळ्यांसमोर. बाई गाणारी असलेली जागा निवडा, सोबतीला मैत्रीण न्या, आणि तिला एक रात्र न पिता बसू द्या.

आणखी तीन गोष्टी रिट्रीटच्या पत्रकात बारीक अक्षरांत शिरतात. एक, टोए. ही ब्रुगमान्सिया, आपल्या धोतऱ्याच्या कुळातली, फुलं खाली लोंबणारी. स्कोपोलामिन, ॲट्रोपिन तेच. धोतरा म्हटल्यावर आपल्याला जे आठवतं ते इथेही आठवावं: दिवसेंदिवस बरळणं, आगीत-पाण्यात चालत जाणं. काही जण काढा ‘जोरदार’ व्हावा म्हणून पानं टाकतात. टोए वापरता का, असं लेखी विचारा. दोन, तंबाखूचं पाणी पाजून उलट्या करवणं. निकोटिनची विषबाधा खरी असते आणि त्यात माणसं गेली आहेत. तीन, कांबो. ही वनस्पतीच नाही, एका हिरव्या बेडकाच्या अंगावरचा स्राव, कातडीवर डागून त्यावर लावतात, आणि आधी लिटरभर किंवा जास्त पाणी पाजतात. पाण्याचा अतिरेक झाला की रक्तातलं सोडियम घसरतं, फिट येते. ॲमेझॉनमधले मात्सेस आदिवासी ते शिकारीआधी वापरत. लॅपटॉपवर बसणाऱ्या माणसाला त्याची काय गरज, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ या तुमच्या ओळीकडे येते. तुम्ही बहुधा ब्राझीलमधला २०१९ चा अभ्यास वाचलाय. औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनचे २९ रुग्ण. १४ जणांना आयावास्काचा एकच डोस, १५ जणांना तशाच कडू-आंबट चवीचं, पोट ढवळेल असं नकली पेय. सातव्या दिवशी पहिल्या गटात ६४ टक्के, दुसऱ्यात २७ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा जास्त उतरली होती. उत्साह वाटावा असाच निकाल आहे, मलाही वाटला. पण तो इस्पितळातला आहे, निवडून घेतलेल्या रुग्णांवरचा, त्यांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून, आणि मोजणी सातव्या दिवसाची. जंगलातल्या चार रात्रींचा नाही. दुसरीकडे दहा हजारांवर लोकांची एक जागतिक पाहणी २०२२ मध्ये आली. निम्म्याहून जास्त, ५५.९ टक्के लोकांनी नंतरच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत काही ना काही मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यातल्या बहुतेकांना तो त्रास वाढीचाच भाग वाटला, आणि साधारण बारा टक्क्यांना व्यावसायिक मदत घ्यावी लागली. मी त्या बारा टक्क्यांत काम करते, त्यामुळे माझं मत थोडं काळवंडलेलं असणार, तेवढं वजा करून वाचा.

ती बारा टक्क्यांतली माणसं मालोकात कोसळत नाहीत. कोसळतात ती घरी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. विमानतळावर उतरताना चेहरा उजळलेला असतो. घरी तोच हिंजवडीचा ट्रॅफिक, तीच रिकामी खुर्ची. मग कुणी राजीनामा देऊन टाकतं, कुणी बायकोला रात्री दोनला उठवून लहानपणीचं सगळं सांगतं, कुणाला झोपच येत नाही आणि झोप न येण्यालाच तो साक्षात्कार समजतो. सलग तीन रात्री झोप नसेल तर ताबडतोब डॉक्टर गाठा, हे मी निघताना प्रत्येकाच्या हातावर पेनने लिहायची बाकी ठेवते. परतल्यावर सहा आठवडे कुठलाही मोठा निर्णय नाही, आणि आठवड्यातून एकदा बोलायला एक शहाणा माणूस ठरलेला हवा. जायच्या आधी ठरलेला.

जाता जाता एक अवांतर, कारण भारताचा आणि या वेलीचा धागा मला फार आवडतो. या वेलीची पहिली शास्त्रीय नोंद रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने केली, १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला, ब्राझीलच्या जंगलात. त्याच स्प्रूसने पुढे १८६० मध्ये इक्वेडोरमधून सिंकोनाची बियाणं-रोपं मिळवून दिली, ती निलगिरीत लावली गेली. आपल्या आजोबांनी तापात जे कोयनेल घेतलं त्याच्या मुळाशी ही वाट आहे. तिथून काही ना काही उचलून नेण्याचीही ही जुनी वाटच म्हणा. १९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाने या वेलीच्या एका वाणावर चक्क पेटंट घेतलं. ॲमेझॉनमधल्या आदिवासी संघटनांनी १९९९ मध्ये ते रद्द करवलं, २००१ मध्ये ते पुन्हा बहाल झालं, आणि शेवटी मुदत संपून गेलं. हळदीचं पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवलं तेव्हा आपण पेढे वाटले होते. त्यांना पेढे नीट वाटताच आले नाहीत. पेरूने २००८ मध्ये या वेलीचं पारंपरिक ज्ञान राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. दहा वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, ओलिव्हिया अरेवालो या एक्याऐंशी वर्षांच्या शिपिबो वैद्य आजींना त्यांच्या घराजवळ गोळ्या घातल्या गेल्या. संशय एका कॅनडियन माणसावर गेला आणि जमावाने त्याला ठार केलं. पाहुणा म्हणून जाताना ही जमीन किती दुखरी आहे ते माहीत असलेलं बरं.

व्यवहाराचं थोडं. पेरूत आयावास्का कायदेशीर आहे. भारतात डीएमटी अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. तेव्हा ‘आठवण’ म्हणून बाटली आणू नका, आणि कुणी गोव्यातल्या व्हिलात ‘सर्कल’ला बोलावलं तर जाऊ नका. तिथे बाटलीत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि काही झालं तर पोलिसांच्या भीतीने कुणी ॲम्ब्युलन्स बोलावत नाही. पुढेमागे गेलातच तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड जपा. ते नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियासाठी डॉक्टर मेफ्लोक्विन लिहू लागले तर त्यांना काय करणार आहात ते सांगा. ती गोळी एरवीही डोक्यात भलतंसलतं आणते, दुसरे पर्याय आहेत.

वडिलांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की शेवटच्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर असल्यामुळे इस्पितळात पोचायला उशीर झाला. तुमच्या मित्राला मालोकात रडू आलं, तुम्हाला ते हवंय, हे कळतंय मला. ही ओळ तुमच्या डॉक्टरांना सांगितलीत का? दर महिन्याला दहा मिनिटं प्रिस्क्रिप्शन लिहून घेता, तेवढ्यात ती निघाली नसावी. गोळीने कोरडं वाटतं, हेही सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं, आणि शोकावर बोलून उपचार करणारी माणसं पुण्यात आहेत. आठ-दहा बैठकांचा खर्च तुमच्या लिमाच्या तिकिटाहून पुष्कळ कमी होईल.

आणि आज केंद्राला एक मेल टाका. साधं लिहा: मी एस्सिटालोप्राम घेतो, माझ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सध्या ती थांबवणार नाही, म्हणून या तारखेला येत नाही. आगाऊ रक्कम परत मिळेल का, किंवा पुढच्या वर्षीसाठी ठेवाल का? उत्तरात तुमच्या तब्येतीची चौकशी असेल, डॉक्टरांशी बोलायची तयारी असेल, तर ती जागा लक्षात ठेवा. ‘काळजी नको, एका आठवड्याआधी सोडलीत तरी चालेल’ असं आलं, तर पैसे गेले असं समजा आणि तो मेल तुमच्या त्या मित्रालाही वाचायला पाठवा.